रेंज फुल, तरी फोन लागत नाही: गर्दीत नेटवर्क का बसतं?

पेठेतला_मी | रविवार, ७ सप्टेंबर २०२५, सकाळी १०:१२

काल अनंत चतुर्दशी. बाबा (वय ७६), मी आणि धाकटी लेक लक्ष्मी रोडला मिरवणूक बघायला गेलो होतो. बेलबाग चौकात एक मोठं ढोलपथक आलं, मागून गर्दीचा लोंढा आला आणि अर्ध्या मिनिटात बाबा दिसेनासे झाले. तेव्हा सव्वासात वाजले होते. बाबांकडे साधा बटणांचा फोन, माझ्याकडे गेल्या वर्षी घेतलेला फाइव्ह-जी.

मी त्यांना सदतीस वेळा फोन लावला. आज सकाळी मोजले. कधी 'सर्व लाइन्स व्यस्त', कधी नुसती शांतता आणि मग कट. वरच्या कोपऱ्यात चारही दांड्या भरलेल्या! लेकीला खांद्यावर घेऊन गर्दी कापत फिरलो. नऊच्या सुमारास बाबा मंडईत टिळक पुतळ्यापाशी सापडले, पायरीवर बसले होते. 'अरे, तुला कळवलं तर होतं,' म्हणाले. दमून काहीतरी बोलत असतील म्हणून मी विषय वाढवला नाही.

रात्रभर झोप नाही. मला कुठल्या कंपनीच्या नावाने बोटं मोडायची नाहीत, मला हे समजून घ्यायचंय. रेंज पूर्ण असताना फोन का लागत नाही? आणि पुढच्या वर्षी काय करायचं? जाणकारांनी कृपया लिहावं.

गहुंजे_एक्स्प्रेस | १०:३१

बाबा सुखरूप आहेत हे वाचून बरं वाटलं. गहुंज्याच्या स्टेडियमवर सामन्याला हाच अनुभव. वडापाववाल्यापुढे चाळीस जण मोबाइल वर धरून उभे, पैसे कोणाचेच जाईनात. शेवटी माझ्या मागच्या आजोबांनी खिशातून पाचशेची नोट काढून सात अनोळखी लोकांना खाऊ घातलं. त्या रांगेत तेव्हा तेच सगळ्यात वेगवान नेटवर्क होतं.

मुळामुठा | १०:४०

+१. अलका चौकात दरवर्षी हेच. जाणकारांच्या प्रतीक्षेत.

लहरवेध | ११:५५

चौदा वर्षं मोबाइल टॉवरच्या रेडिओ प्लॅनिंगमध्ये काढली आहेत, त्यातली सात पुण्यात. जमेल तसं सांगतो.

आधी दांड्यांबद्दल. टॉवरचा आवाज तुमच्या फोनपर्यंत किती जोरात पोचतोय, दांड्या फक्त तेवढंच दाखवतात. टॉवर एक ठरलेला ओळखसंकेत अखंड पाठवत असतो, मग सेल (एका अँटेनाच्या हद्दीतला परिसर) रिकामा असो की तुडुंब. फोन तो संकेत मोजतो आणि दांड्या भरतो. मंगल कार्यालयाच्या दारावरची रोषणाई लांबून लख्ख दिसते, म्हणून आत पंगतीत पान मिळेलच असं नाही.

आता पंगतच घ्या. फोर-जीच्या २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत १०० रिसोर्स ब्लॉक, म्हणजे वाटायची शंभर पानं, असतात, प्रत्येक १८० किलोहर्ट्झचं. कुठले ब्लॉक कोणाला द्यायचे हे टॉवरमधला शेड्युलर दर मिलिसेकंदाला ठरवतो. एरवी लक्ष्मी रोडला ही वाढप आरामात चालते. काल त्याच शंभर पानांवर हजारो माणसं उभी होती.

पण तुमचं अडलं ते पानावर बसण्याच्याही आधी, दारातच. फोन थोडा वेळ स्वस्थ असला की टॉवरशी त्याचा संबंध सुटलेला असतो. काही करायचं झालं की आधी 'मी आहे, मला आत घ्या' अशी हाक द्यावी लागते. फोर-जीत एका सेलला अशा ६४ हाका ठरलेल्या असतात. फोन त्यातली एक यदृच्छेने उचलतो. दोन फोनांनी एकाच क्षणी एकच हाक दिली तर टॉवरला कळतच नाही की दोघे आहेत. मग एक जण किंवा दोघेही हरतात, थोडं थांबून आवाज चढवून पुन्हा हाक मारतात. सगळेच आवाज चढवायला लागले की टॉवरच्या कानावर नुसता कल्लोळ पडतो. त्याचा आवाज तुम्हाला स्पष्ट ऐकू येतोय, तुमचा त्याच्यापर्यंत पोचत नाहीये. चार दांड्या आणि फोन बंद, हे कोडं इथे सुटतं.

तिसरी गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. अनेक फोर-जी आणि फाइव्ह-जी बँडमध्ये डेटाचा चढउतार (अपलोड-डाउनलोड) एकाच वाहिनीवर, वेळ वाटून होतो. वाटणी अशी असते की बहुतेक वेळ उतरणाऱ्या डेटाला, थोडा वेळ चढणाऱ्याला. माणसं एरवी बघतात जास्त आणि पाठवतात कमी, म्हणून ती बरोबरच आहे. मिरवणुकीत मात्र उलटं होतं. प्रत्येकाचा हात वर, प्रत्येकाचं लाइव्ह चालू. अरुंद बोळ चढणाऱ्यांचा आणि गर्दीही चढणाऱ्यांचीच.

आणि बाबांकडे बटणांचा फोन, म्हणजे बहुधा टू-जी. तिथे २०० किलोहर्ट्झच्या एका वाहकात ८ टाइमस्लॉट (बोलायच्या पाळ्या), त्यातलेही काही संकेतांसाठी राखलेले. तुम्हाला तुमच्या बाजूला जागा मिळाली तरी त्यांच्या बाजूला एक स्लॉट त्याच वेळी मोकळा हवा. दोन्ही दारं एकाच क्षणी उघडी सापडायला हवीत.

मुळामुठा | १२:१०

इतकं स्वच्छ पहिल्यांदाच कळलं. वाचनखूण साठवली. पण मग टॉवर वाढवत का नाहीत? वर्गणी तर सगळेच भरतो.

सातारारस्ता | १२:२६

टॉवर वाढवा म्हणणाऱ्यांनी आपल्या गच्चीपासून सुरुवात करावी. आमच्या बासष्ट फ्लॅटच्या सोसायटीने सर्वसाधारण सभेत टॉवर नाकारला आणि मी स्वतः विरोधात हात वर केला होता. चौथ्या मजल्यावर लहान मुलं आहेत. भाड्यासाठी त्यांच्या डोक्यावर रेडिएशन घ्यायचं नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं.

लहरवेध | १:०५

सातारारस्ता, मुलांची काळजी वाटणं स्वाभाविक आहे. त्याबद्दलची ठाम माहिती एवढी. मोबाइलच्या लहरी आयनीकरण करणाऱ्या नसतात, म्हणजे क्ष-किरणांसारखे रेणूंचे बंध तोडत नाहीत. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक मर्यादेच्या एक दशांश एवढी कडक मर्यादा भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरना लावली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरी 'शक्यता नाकारता येत नाही' अशा गटात ठेवल्या, हेही खरं. म्हणून मर्यादा पाळली जाते का हे मोजलं गेलंच पाहिजे.

मात्र एक गोष्ट सभेत कोणी सांगत नाही. टॉवर जितका लांब, तितका तुमच्या हातातला फोन जोर लावतो. आणि फोन मुलांच्या कानाला असतो. जवळ छोटा अँटेना आला तर फोन कुजबुजून बोलू शकतो.

मुळामुठा, टॉवर वाढवणं हाच मूळ उपाय. एका मोठ्या सेलचे चार छोटे केले की तेच शंभर ब्लॉक चार ठिकाणी पुन्हा वापरता येतात. बेल प्रयोगशाळेत ही सेलची कल्पना १९४७ मध्ये मांडली गेली आणि आजवरची बहुतेक वाढ त्याच युक्तीवर उभी आहे. अडचण अशी की शेजारचे सेल एकमेकांत कालवाकालव करतात. अँटेना फार उंच लावला तर तो अर्ध्या पेठेला ऐकू जातो आणि शेजाऱ्याचं काम बिघडवतो. लक्ष्मी रोडसारख्या अरुंद रस्त्याला खांबांवर, खाली झुकवलेले, छोट्या ताकदीचे अँटेना हवेत. त्यासाठी खांब, वीज आणि खांबापर्यंत फायबर लागते, आणि पेठेत फायबरसाठी रस्ता खणायचा म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो.

सातारारस्ता | १:३०

फोन जोर लावतो हा मुद्दा नवीन आहे, विचार करीन. पण आमचा दुसरा आक्षेप इमारतीचा होता. पस्तीस वर्षांचा स्लॅब, पावसाळ्यात गळतो, त्यावर टनावारी लोखंड चढवायचं? त्यावर मी ठाम आहे.

लहरवेध | १:४२

त्यावर मीही तुमच्याच बाजूने. स्ट्रक्चरल ऑडिटशिवाय होकार देऊच नका.

शिकवणी | २:५०

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात नेटवर्क शिकवते. पेठेतला_मी, तुमच्या सदतीस कॉल्सवर लिहिल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही जे केलंत ते कोणीही केलं असतं. पण त्या चौकात तेव्हा हजारो जण तेच करत होते, आणि कोंडी तिथेच घट्ट होते.

या प्रश्नाचा पाया कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एर्लांग नावाच्या गणितज्ञाने १९०९ मध्ये घातला. कॉल यदृच्छेने येत असतील तर किती लाइन्स पुरतील? सरासरी एका वेळी दहा कॉल चालतील एवढी मागणी असेल आणि लाइन्सही दहाच असतील, तर साधारण पाचातला एक कॉल नाकारला जातो. सतरा लाइन्स ठेवल्या तर नकार शंभरात एकाच्या आसपास येतो. म्हणजे सरासरीपुरतं बांधलं की अडलंच, वर बरीच मोकळी जागा लागते. आणि मिरवणुकीचा दिवस सरासरीचा कधीच नसतो.

दुसरी गोष्ट १९७१ ची, हवाई बेटांवरची. तिथल्या विद्यापीठाने बेटाबेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. नियम एकच: बोलायचं असेल तेव्हा बोला, टक्कर झाली तर थोडं थांबून पुन्हा बोला. गणित मांडल्यावर दिसलं की अशा मोकळ्या कारभारात वाहिनीचा फार तर १८ टक्के उपयोग होतो. ठरावीक ठोक्यावरच बोलायचं असं बंधन घातलं की दुप्पट, ३६ टक्क्यांच्या पुढे. त्याहून जास्त लोक बोलायला लागले की उपयोग वाढत नाही, उलट कोसळतो. लहरवेध म्हणाले त्या ६४ हाका या हवाईच्याच वंशातल्या.

तिसरी १९८६ ची. कॅलिफोर्नियात बर्कलीला विद्यापीठ आणि शेजारची प्रयोगशाळा यांच्यात जेमतेम ४०० यार्ड अंतर. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिट्सवरून ४० बिट्सवर आला. कोणाचं यंत्र बिघडलं नव्हतं. पोचलं नाही असं वाटून प्रत्येक संगणक पुन्हा पुन्हा तेच पाठवत होता. संगणकतज्ज्ञ व्हॅन जेकबसन यांनी त्यावर १९८८ मध्ये उपाय मांडला: पाकीट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की ती कोंडीची खूण माना, लगेच वेग कमी करा आणि मग हळूहळू वाढवा. इंटरनेट आजवर टिकलं ते या सौजन्यावर.

वायरलेसमध्ये मात्र याच सौजन्याने घोटाळा होतो. हवेतलं पाकीट कधी भिंतीमुळे हरवतं, कधी बस आडवी आल्यामुळे. पाठवणाऱ्याला वाटतं कोंडी आहे, तो उगाच मागे सरतो. म्हणून टॉवर आणि फोन आपसातच हरवलेलं पुन्हा पाठवून घेतात, वरपर्यंत बोभाटा करत नाहीत. गूगलने २०१६ मध्ये बीबीआर ही वेग ठरवायची पद्धत आणली ती याच कारणाने: हरवलेली पाकिटं मोजायच्या ऐवजी वाटेची रुंदी आणि यायला-जायला लागणारा वेळ मोजायचा.

कट्टा_पौडरोड | ४:१५

शिकवणीताई, तुमच्या वर्गात बसायला हवं होतं.

थोडं अवांतर, पण त्याच विषयातलं. आमच्या कोथरूडच्या इमारतीत चाळीस घरं, चाळीस राउटर. रात्री नऊनंतर बायकोची ऑनलाइन मीटिंग अडखळायची. मी शहाणपणा करून राउटर चॅनल ३ वर टाकला, कारण तिथे कोणीच दिसत नव्हतं. आणखी बिघडलं! हे का झालं?

शिकवणी | ४:४०

कारण २.४ गिगाहर्ट्झमध्ये चॅनल एकमेकांत शिरलेले असतात. १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांपासून सुटे. तुम्ही ३ वर गेलात तेव्हा १ वाल्यांच्याही वाटेत आलात आणि ६ वाल्यांच्याही. एकाच चॅनलवर असताना राउटर एकमेकांचं बोलणं ओळखतात आणि थांबतात. अर्धवट शिरलेल्याचं बोलणं नीट ओळखू येत नाही, नुसती खरखर ऐकू येते. ६ वर गर्दी असली तरी तिथेच परत जा, किंवा सरळ ५ गिगाहर्ट्झवर. आपल्याकडे २०१८ मध्ये त्या बँडचा बराच मोठा भाग परवान्याशिवाय खुला झाला आहे, चॅनल भरपूर आहेत आणि लहरी भिंतीतून फार जात नाहीत. शेजारी शेजारीच राहतात.

कट्टा_पौडरोड | ८:५५

५ वर टाकलं. फरक पडला. पण मुलगा व्हिडिओ चढवायला लागला की मीटिंग अजून अडते. वेग मोजला तर चांगला येतो.

लहरवेध | ९:२०

तो रोग वेगळा. राउटरच्या पोटात साठवणीची जागा फार मोठी असते. मुलाचा व्हिडिओ तिथे रांग लावून बसतो आणि बायकोच्या आवाजाचं चिमुकलं पाकीट त्या रांगेच्या शेवटी. हरवत काहीच नाही, सगळं उशिरा पोचतं. वेग ठीक दिसतो आणि बोलणं अडखळतं ते त्यामुळे. उपाय म्हणजे प्रत्येकाची रांग वेगळी करायची, आणि पाकीट फार वेळ थांबलं तर मुद्दाम टाकून द्यायचं, म्हणजे पाठवणारा सावध होतो. राउटरमध्ये 'एसक्यूएम' किंवा 'एफक्यू-कोडेल' असा पर्याय असेल तर चालू करा आणि वेगाची वरची मर्यादा खऱ्या वेगाच्या थोडी खाली बांधा. टाकून दिल्याने सगळ्यांचं सुरळीत होतं हे पटायला मला स्वतःला दोन वर्षं लागली होती.

आणि घरात एखादा जुना लॅपटॉप लांबच्या खोलीत असेल तर तो जवळ आणा. संथ यंत्राला तेवढाच डेटा पाठवायला कितीतरी जास्त वेळ हवा अडवावी लागते, तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. सेलच्या काठावरच्या फोनाचंही हेच.

मुळामुठा | सोमवार, ८ सप्टेंबर, सकाळी ८:०५

माझं स्पष्ट मत: लाइव्ह करणाऱ्यांवर बंदी घाला. एकाला आजोबा सापडत नाहीत आणि शंभर जण तेच ढोल जगाला दाखवतायत.

डेक्कन_ते_डॅलस | ८:५०

मुळामुठा, असहमत. मी अकरा वर्षं गणपतीला घरी आलेलो नाही. काल माझ्या भावाने मंडईचा गणपती लाइव्ह दाखवला तेव्हा इकडे पहाट होती आणि माझी आई, जी आता माझ्याजवळ असते, स्क्रीनला हात जोडून उभी होती. तो शंभरातला एक फोन आमच्या आईसाठी होता. बंदी म्हणणं सोपं आहे.

मुळामुठा | ९:०२

तुमच्या आईंचा विचार माझ्या मनात आला नव्हता. बंदी मागे घेतो. पण अग्रक्रम तरी असावा ना?

लहरवेध | ९:४५

अग्रक्रम आहे. प्रत्येक सिमला ० ते ९ यांपैकी एक प्रवेशवर्ग दिलेला असतो. सेल फारच तुंबला तर 'सध्या अमुक वर्गांनी हाक मारू नये' असं टॉवर जाहीर करू शकतो, किंवा फोनला स्वतःशीच फासा टाकून थांबायला लावू शकतो. ११ ते १५ हे वर्ग पोलीस, तातडीच्या सेवा अशांसाठी. ११२ लावला तर त्या विनंतीत कारणच 'आपत्कालीन' असं जातं, तिचा विचार वेगळा होतो. आणि पूर, भूकंप यासाठी सेल ब्रॉडकास्ट असतो. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन एकदम किंचाळले होते, ती त्याचीच चाचणी. सेलमध्ये दहा फोन असोत की दहा हजार, हवेत तो संदेश तेवढीच जागा घेतो.

जास्त पैसे देणाऱ्याला पुढे काढायचं का, हा मात्र वेगळा वाद आहे.

शिकवणी | १०:३०

त्या वादात माझी बाजू पक्की आहे. दूरसंचार नियामकाने फेब्रुवारी २०१६ मध्ये मजकूर पाहून वेगळे दर लावायला मनाई केली, ती योग्यच. गर्दीत वाटणी करायची तर आवाजाचा कॉल आधी आणि व्हिडिओ मागून, ही सगळ्यांना सारखी लागू होणारी वाटणी मला मान्य आहे. श्रीमंताचा व्हिडिओ आधी आणि गरिबाचा कॉल मागून, हे नाही.

डॅलसकरांच्या भावाला एक विनंती: चित्राचा दर्जा ४८० पर्यंत उतरवला तरी आईंना दर्शन तेवढंच होईल, आणि हवेतली बरीच जागा मोकळी राहील.

खोडदकर | १२:१५

तुम्ही सगळे लहरी वाढवायच्या गोष्टी करताय, मी उलट बाजूचा. माझं गाव नारायणगावजवळ, जीएमआरटी या मोठ्या रेडिओ दुर्बिणीच्या शेजारी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या तीन हातांवर लांबवर पसरलेल्या. ती उभारणारे प्रा. गोविंद स्वरूप यांनी ही जागा निवडली त्यामागे रेडिओ गोंगाट कमी असणं हे एक मोठं कारण होतं. दूरच्या आकाशगंगांतून येणारा संकेत इतका क्षीण असतो की कुठल्याही मोबाइलपुढे तो काहीच नाही. आणि दुर्बिणीच्या बँडांना खेटूनच ९०० मेगाहर्ट्झचे मोबाइल येऊन बसलेत. मोबाइल लागावा असं गावाला वाटतं, शांतता हवी असं दुर्बिणीला. हवा सगळ्यांची एकच आहे, म्हणून लिहिलं.

मुळामुठा | १२:४०

वा! हा धागा लक्ष्मी रोडवरून निघून आकाशगंगेत पोचला. मिरवणुकीपेक्षा वेगाने.

तुळसवृंदावन | ३:१०

सगळ्यांचं वाचलं. मला लहरींमधलं काही कळत नाही, पण पेठेतला_मी यांचा दुसरा प्रश्न मागेच राहिलाय: पुढच्या वर्षी काय करायचं? त्यावर सांगते.

मी एकोणीस वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर चालते. हल्ली वाटेत चाकांवरचे टॉवर आणून उभे करतात, पण लाखो माणसं एका मुक्कामावर उतरली की फोनची आशा सोडलेलीच बरी. तरी आमच्या दिंडीतलं माणूस हरवून रात्र बाहेर राहिलं असं मला आठवत नाही. कारण प्रत्येकाला एक गोष्ट पाठ असते: आपली दिंडी रथापुढे कितवी की रथामागे कितवी. वाटेत कोणालाही तो आकडा सांगितला की माणूस बोट दाखवतो. चुकलं तर धावायचं नाही. मुक्कामाच्या ठरलेल्या जागी जाऊन बसायचं. शोधणारा एकच फिरतो, हरवलेला हलत नाही. दोघे फिरायला लागले की भेट होत नाही. म्हाताऱ्या माणसांच्या कनवटीला चिठ्ठी असते: नाव, गाव, दिंडीचा आकडा, ट्रकचा नंबर.

तुमचे बाबा पुतळ्यापाशी बसून राहिले, हलले नाहीत. त्यांना हे कोणी शिकवलं होतं का?

पेठेतला_मी | ४:००

तुळसवृंदावनताई, अंगावर काटा आला. बाबा तरुणपणी चार वर्षं वारीला गेले होते. मी विसरलोच होतो.

लहरवेध | ४:३५

ताईंनी सांगितलं ते आमच्या भाषेत असं: भेटीची जागा आधी ठरलेली असेल तर नेटवर्कवर एकही संदेश पाठवावा लागत नाही. आम्हाला अजून यापेक्षा चांगलं सुचलेलं नाही.

त्याला जोड म्हणून एकच. अशा वेळी कॉलवर कॉल न लावता एक छोटा साधा एसएमएस पाठवा. तो बोलण्याच्या वाहिनीवरून जात नाही, संकेतांच्या वाहिनीवरून जातो, त्याला फार थोडी जागा पुरते. समोरचा फोन त्या क्षणी सापडला नाही तर संदेश केंद्रात साठून राहतो आणि नेटवर्कच तो पुन्हा पाठवून बघतं. कॉलमध्ये दोन्ही दारं एकाच वेळी उघडी लागतात, एसएमएसला एकेक करून उघडली तरी चालतात.

पेठेतला_मी, एक विचारतो. बाबा म्हणाले होते ना, 'तुला कळवलं तर होतं'? बटणांच्या फोनवर 'पाठवलेले संदेश' बघितलेत का?

पेठेतला_मी | रात्री ९:४८

आत्ता बघितलं.

बाबांच्या फोनवर ७:२१ ला पाठवलेला एक संदेश आहे. मग माझा फोन काढला. मी एसएमएस उघडतच नाही, तिथे बँकेचे आणि दुकानांचे शेकडो संदेश पडलेले असतात. त्यांच्यात खाली, ७:२६ ला, बाबांचा संदेश आलेला आहे. पाच मिनिटांत पोचला होता. ढोलताशात टिंग ऐकू आली नसेल, आणि मी तर फोन कानालाच लावून होतो.

बाबांना दाखवला. ते काही बोलले नाहीत, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि फोन मला परत दिला.

'मी टिळक पुतळ्यापाशी. बसलोय. पाय ठीक. छोटीला सांभाळ, सावकाश ये.'